घडी खात्यातले अकरा सेकंद

श्वास ही माणसाला देवाकडून मिळालेली पहिली देणगी, आणि ती इतकी अखंड, इतकी निमूट, की घेणाऱ्याला तिची आठवणही राहत नाही. ताईला ती आठवण क्षणोक्षणी होती. उठताना होती, बसताना होती, घोटभर पाणी गिळताना होती. त्रेसष्टाव्या वर्षी तिचे सारे जगणे दोन उशांना टेकून बसण्यापुरते उरले होते. त्या बसण्याला सोबत होती धाकट्या भावाची आणि त्याच्या जुन्या टीव्हीची.

भावाला ती टिल्लू म्हणे. टिल्लू छप्पन्न वर्षांचा, सहा फूट उंच, स्वतःच्याच घराच्या दारातून वाकून आत येणारा. बाहेर त्याला सगळे कॅसेटवाला म्हणत. कॅसेटी भाड्याने देण्याचे त्याचे दुकान बंद पडून कित्येक वर्षे झाली होती, पण चारशे बारा कॅसेटी भिंतीशी छातीएवढ्या रचून त्याने जपल्या होत्या. पंचवीस वर्षे टीव्हीवरून जे जे आवडले ते ते त्याने उतरवून घेतले होते. पोस्टमास्तरच्या कुटुंबाची मालिका होती, वकिलांवरचे विनोदी कार्यक्रम होते, दीपगृहाच्या राखणदारावरचा माहितीपट होता, मिठागरातल्या पक्ष्यांवरचे तेरा भाग होते. कॅसेट भरली की तिच्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी तो मोडून टाकी. ती मोडली की त्या कॅसेटीवर दुसरे काही उतरत नाही. "हिला आता कोणी हात लावू शकत नाही," असे तो म्हणे, आणि म्हणताना त्याचा आवाज देवघरात बोलावे तसा हळू होई.

रोज दुपारी दोन वाजता तो व्हिडिओ यंत्राचे झाकण उघडून स्पिरिटच्या बोळ्याने फीत वाचणारे हेड पुसे, कॅसेट घाली आणि ताईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसे. ताईला बोलायला दम पुरत नसे, म्हणून त्यांनी बोटांची भाषा ठरवली होती. एक बोट म्हणजे थांब. दोन बोटे म्हणजे पुढे ने. उघडा पंजा म्हणजे चालू दे, छान आहे.

पक्ष्यांचा भाग लागला की टिल्लू निवेदकाचा खर्जातला आवाज काढी. "आणि आता ही मादी मान वळवून आपल्या भावाकडे बघते आहे. तिला चहा हवा आहे. पण भाऊ आळशी आहे."

"मेल्या," ताई म्हणे, आणि हसू आवरून धरी. हसण्याला श्वास लागतो, आणि तो तिला जपून वापरावा लागे.

हे सुखच होते. पण सुखाच्या बुडाशी एक प्रश्न बसला होता. घरात भाड्याने आणलेले प्राणवायूचे नळकांडे आठवड्यातून दोनदा रिकामे होई, आणि बदली येईपर्यंतचे तास ताई खिडकीची कड धरून काढी. मोठ्या दवाखान्याने खाट नाही म्हणून तिला दोनदा परत पाठवले होते. गिरण्यांच्या धुळीने छाती गेलेल्यांसाठी शहरात एक वेगळा कक्ष होता. तिथे प्रत्येक खाटेशी भिंतीतून प्राणवायू येई, अहोरात्र, न तुटता. तिथल्या डॉक्टरने ताईची छाती ऐकली, क्ष-किरण चित्रे पाहिली आणि म्हटले, "हा कापसाच्या धुळीचाच आजार आहे. पण खाट गिरणी कामगारांचं मंडळ देतं, मी नाही. किमान दहा वर्षं पिंजण खात्यात काम केल्याचा पुरावा लागतो."

ताईने एकोणीस वर्षे केले होते. कापसाच्या गाठी फोडून यंत्रात पिंजतात ते हे खाते, सगळ्या गिरणीतले सर्वांत पांढरे आणि सर्वांत काळे. पुरावा मात्र नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा हजेरीची पुस्तके रद्दीत गेली. साक्ष द्यायला तिच्या यंत्रावरच्या बायका हव्या होत्या. पाच जणी होत्या. पाचही त्याच आजाराने गेल्या होत्या.

तेव्हा टिल्लूने मांडीवर थाप मारली. "ताई! फिल्म आहे की आपल्याकडे! गिरणीवरचा माहितीपट. बत्तीस वर्षं झाली. तू आहेस त्यात. मी स्वतः उतरवलाय."

ताईच्या छातीतला उरलासुरला वारा जागच्या जागी थांबला.

"मला अजून दिसतंय बघ," तो म्हणाला. "तू यंत्रापाशी उभी आहेस, हसतेयस, आणि मागे पांढरं पांढरं उडतंय, बर्फासारखं. केसांवर बसलंय तुझ्या."

त्याने त्याच दिवशी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात लिहिले की अर्जदार पिंजण खात्यात काम करत असताना तिचे चित्रीकरण झाले असून ती ध्वनिचित्रफीत सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येईल. लिहून झाल्यावर त्याने तो ताईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने एक बोट वर केले. त्याला वाटले तिला दम लागला. तो थांबला, तिला पाणी पाजले, आणि अर्ज घेऊन गेला.

ताईला ठाऊक होते की त्या फिल्ममध्ये पांढरे काहीही उडत नाही.

ती बाविसाव्या वर्षी गिरणीत लागली तेव्हा आईने एकच अट घातली होती. "पिंजणात जाणार नसशील तर जा. तिथल्या बायका चाळिशीत म्हाताऱ्या होतात." ताई म्हणाली होती, "घडी खात्यात आहे गं. कापडाच्या घड्या घालायच्या, बस." आणि पहिल्याच दिवशी ती पिंजणात उभी राहिली, कारण जागा तिथेच होती. तेव्हापासून सुट्टीचा भोंगा झाला की ती फाटकाजवळच्या नळावर तोंड धुई, केस विंचरी, भुवयांतले तंतू ओल्या बोटाने टिपी, आणि स्वच्छ होऊन घरी येई. घरी आई तिच्या हाताचा वास घेई. आई होती तोवर, अकरा वर्षे, त्या नळाने तिचे खोटे धुतले.

मग टीव्हीवाले आले. मुकादम खात्यात शिरला आणि बोट दाखवत म्हणाला, "तू, तू, तू आणि तू. तोंड धुऊन या. तुमची तोंडं बघण्यासारखी आहेत." चौघींना फिकट निळे नवे एप्रन दिले, घडी खात्यातल्या लांब टेबलाशी उभे केले आणि मोठ्या खिडकीचा उजेड त्यांच्या अंगावर पडेल असे वळवले. संध्याकाळी एप्रन परत घेतले. महिन्याने कार्यक्रम लागला. टिल्लू तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याचे यंत्र नवे होते. त्या अर्ध्या तासात त्याचे डोळे पडद्यावर कमी आणि फितीच्या काट्यावर जास्त होते. आईने मात्र पाहिले. निवेदक म्हणाला, "या गिरणीत कामगारांच्या आरोग्याची घरच्यासारखी काळजी घेतली जाते. घडी खात्यातल्या या भगिनींच्या चेहऱ्यांवरचे समाधानच बोलते आहे." आईने पदराने डोळे पुसले. "खरंच गं, केवढी उजेडाची जागा आहे," ती म्हणाली. पुढे दोन वर्षांनी ती गेली, आणि मुलीबद्दलची एकही काळजी बरोबर न नेता गेली. तिच्या मागे केव्हातरी ताईने टिल्लूला पिंजण खात्याचे नाव सांगितले; आईला काय सांगितले होते, ते मात्र नाही.

अशी ही गोष्ट. जे चित्र सत्य म्हणून जगापुढे ठेवले गेले ते खोटे, आणि जे टिल्लूला आठवत होते ते पांढरे वादळ खरे. पण तो ते तिच्या फिल्ममध्ये पाहत नव्हता. दूरच्या कुठल्या मुलखातल्या कापसावर त्याच्याकडे दुसरा एक माहितीपट होता. त्याने तो दहा-बारा वेळा पाहिला होता, आणि इतक्या वर्षांत त्यातला कापूस उडून आपल्या बहिणीच्या केसांवर येऊन बसला होता. आयुष्यभर कॅसेटींत राहिलेल्या माणसाच्याच हातून होणारी ही चूक.

ताईने त्याला तेव्हाच सांगायला हवे होते. पण सांगायचे म्हणजे आधी आईला फसवल्याचे सांगायचे. तिने देवाला मनातल्या मनात म्हटले, ती कॅसेट सापडू नये एवढे कर.

कॅसेटीला चिठ्ठी नव्हती. टिल्लूची एक सवय होती, दुसऱ्या कार्यक्रमाच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या फितीवर तो लहान गोष्टी उतरवी. म्हणजे चारशे बारा कॅसेटींची शेपटे तपासणे आले. सुनावणीला तीन आठवडे होते. त्याने सकाळीसुद्धा यंत्र लावायला सुरुवात केली. शेवटापर्यंत भराभर पुढे नेण्याचा निश्चय करून तो कॅसेट घाली, आणि मध्येच कोणी दिसले की हात आखडे.

"अगं, ही बघ. पोस्टमास्तरची सासू. पाच मिनिटं बघू या?"

ताई पंजा उघडी. तिच्यासाठी पाच मिनिटे म्हणजे सापडण्याआधीची पाच मिनिटे.

मंडळाच्या कार्यालयात जाऊन टिल्लूने कारकुनाला विचारले होते, कॅसेट मिळालीच नाही तर? कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "तर ती आता अस्तित्वात नाही असं शपथेवर लिहून द्या. आणि तुम्ही उतरवली होतीत, पाहिली होतीत, तर त्यात काय होतं ते तोंडी सांगा. मंडळ ते धरतं." टिल्लूने हे घरी येऊन सांगितले, आणि ताईच्या मनात एक अंधुक दिवा लागला. न सापडली तर खाट. सापडली तर काहीच नाही.

सुनावणीला सहा दिवस उरले असताना, दीपगृहाच्या राखणदाराने शेवटचा जिना चढून कंदील पुसला, पडदा क्षणभर काळा झाला आणि गिरणीचे धुराडे उभे राहिले.

"सापडली!" टिल्लू उभाच राहिला. "ताई, सापडली गं!"

ताईने दोन बोटे वर केली. पुढे ने. पुढे ने, टिल्लू.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्या बोटांकडे पाहिले नाही.

पडद्यावर सूत आले, माग आले, हसरा व्यवस्थापक आला. मग खिडकीतून ओतलेला उजेड आला, आणि त्या उजेडात एक तरुण स्त्री. गोल चेहरा, भरलेले खांदे, फिकट निळा एप्रन. तिने कापडाची घडी घातली, तळव्याने ती दाबली, कोणीतरी काहीतरी म्हटले म्हणून वर पाहिले आणि खुदकन हसली. त्या हसण्यात श्वासाची काटकसर नव्हती. अकरा सेकंद. "घडी खात्यातल्या या भगिनींच्या चेहऱ्यांवरचे समाधानच बोलते आहे," निवेदक म्हणाला, आणि चित्र पुढे सरकले.

टिल्लूने मागे नेले. पुन्हा पाहिले. पुन्हा मागे नेले.

"कापूस कुठाय?" तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा होता. "मला आठवतं ना. मी पाहिलंय."

मग ताईने सांगितले. एका वाक्याला तीन श्वास, असे सांगितले. आईची अट सांगितली, फाटकाजवळचा नळ सांगितला, मुकादमाचे बोट सांगितले. सांगून होईपर्यंत यंत्राने फीत आपली आपण गुंडाळून ठेवली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आईला... सांगितलं असतंस."

हे खरे होते. टिल्लूच्या पोटात काही राहत नसे. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "ही दाखवली तर ते म्हणतील, बाई तर घडी खात्यात होती. संपलं."

"दाखवू नको."

"मग लिहून द्यावं लागेल की ती अस्तित्वात नाही. कसं लिहू? ही काय, माझ्या हातात आहे. मी कॅसेटीबद्दल खोटं नाही लिहिणार, ताई. इतर कशाबद्दलही लिहीन."

दुसऱ्या कोणी हे ऐकले असते तर तो हसला असता. खाटेवर बहिणीचा जीव टांगला आहे, आणि भाऊ अडून बसला आहे तो एका कॅसेटीच्या सत्यावर. पण ज्याचे त्याचे एक पवित्र स्थान असते. तिथे तो पायताण घालून शिरत नाही. ताईने ते ओळखले. तिने पडद्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "तर मग... ते वाक्य खरं कर."

"म्हणजे?"

"पूस."

"वेडी झालीस? तुझं दुसरं चित्र नाही या घरात! एक फोटो आहे, तोही मतदान कार्डावरचा, त्यात तू चोरासारखी दिसतेस." "आईने पाहिलेलं आहे ते."

"आईने पाहिलं... म्हणूनच पूस. तिच्यासाठी होतं. तिचं झालं."

त्याने कॅसेट बाहेर काढली. कडेची पट्टी त्यानेच बत्तीस वर्षांपूर्वी मोडली होती. आता तिथले भोक बुजवल्याशिवाय यंत्र तिच्यावर काही उतरवणार नव्हते. त्याने खणातून चिकटपट्टी आणली, नखाने तिचे टोक शोधले, तुकडा तोडला, भोकावर लावला आणि अंगठ्याने दाबला. कॅसेट आत घातली. गिरणीच्या धुराड्यापाशी थांबवली. पण लाल बटणावर बोट ठेवून त्याचा हात तसाच राहिला.

ताईने नळी नाकातून काढली, पलंगाची कड धरली आणि उठली. तीन पावले. प्रत्येक पावलाला थांबत तीन पावले. तिने भावाच्या बोटावर आपले बोट ठेवले आणि दाबले. यंत्रात अगदी हलका खट् आवाज झाला. पडद्यावर मुंग्या आल्या, काळ्या-पांढऱ्या, उकळत्या, आवाज करणाऱ्या. दोघे त्या मुंग्यांकडे बघत अर्धा तास बसून राहिले, कारण माहितीपट अर्ध्या तासाचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टिल्लूने हेड पुसले नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तोंडी सांगायचंय. काय सांगू? मी तर पाहिलंच नाही."

"मी सांगते. तू बघ," ताई म्हणाली. "डोळे मीट."

चार दुपारी ती सांगत होती. बंद टीव्हीसमोर, थांबत, धापा टाकत. गाठ फोडल्यावर कापूस कसा फुलून वर येतो ते. दिवा लावलेला असूनही पलीकडची बाई नुसती सावली कशी दिसते ते. पापण्यांवर तंतू बसून डोळे मिटताना जड कसे लागतात ते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती कशी आवळते, आणि सगळ्या जणी एकमेकींना "आला का गं पाहुणा?" म्हणून कशा हसतात ते. टिल्लू मध्येमध्ये विचारी, "यंत्र डावीकडे की उजवीकडे?" "तुझ्या डोक्याला काय बांधलंय?" ती सांगे. सांगताना तिच्या लक्षात आले की एकोणीस वर्षांतला एक दिवसही तिने आजवर कोणाला सांगितला नव्हता. पाचही जणी गेल्यावर ते खाते जगात फक्त तिच्या आत उरले होते, आणि आता ते शब्दाशब्दाने भावाच्या मिटल्या पापण्यांआड जात होते.

सुनावणीच्या खोलीत तीन सभासद बसले होते. ताईला चाकाच्या खुर्चीतून नेले होते, मांडीवर लहान नळकांडे होते. टिल्लूने कागद दिला: सदर ध्वनिचित्रफीत आज अस्तित्वात नाही. मधल्या बाईंनी तो वाचला.

"पण ती तुम्ही पाहिली होती?"

ताईने मनात म्हटले, देवा, या उत्तराचे जे काही पाप असेल ते माझ्या नावावर घे, त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

"पाहिली," तो म्हणाला.

"त्यात काय दिसतं, सांगा."

त्याने डोळे मिटले आणि सांगू लागला. निवेदकाचा आवाज त्याने काढला नाही, स्वतःच्या साध्या आवाजात सांगत गेला. एका जागी त्याने हात वर नेऊन पापणी पुसली, जणू तिथे काही बसले होते. लिहून घेणाऱ्याची लेखणी थांबली. कोपऱ्यातले वयस्क सभासद खुर्चीत पुढे झाले आणि पडदा असावा तसे त्याच्या कपाळाकडे बघत राहिले. मधल्या बाईंनी ताईच्या ओठांच्या निळ्या कडेकडे एकदा पाहिले आणि सही केली.

खाट अकरावी मिळाली नाही, सातवी मिळाली. देव असले मेळ घालत बसत नाही. भिंतीतून प्राणवायू आला, आणि पहिल्या रात्री ताई सपाट झोपली. पण डॉक्टर टिल्लूला बाजूला घेऊन बोलले, आणि तो परत आला तेव्हा त्याने चेहरा जागेवर बसवलेला होता. ताईला ते कळले. फुप्फुसांत हवा येत होती, पण ती घ्यायला आत फारसे काही शिल्लक नव्हते. महिने असतील, वर्ष नव्हते.

कक्षात टीव्ही नव्हता. भेटीची वेळ चार ते पाच. टिल्लू लोखंडी स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसे आणि पोस्टमास्तरच्या घरातले भाग तोंडाने सांगे, सासूच्या आवाजासकट. बाजूच्या खाटांवरच्या बायकाही ऐकत.

एके दिवशी त्याने सुरुवातच केली नाही.

"काय रे?"

"मी ती आठवायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "निळ्या एप्रनमधली. तू हसतेस ती. दोन महिन्यांपूर्वी पाहिलीय, दोनदा मागे नेऊन पाहिलीय." त्याने तळहातांनी डोळे दाबले. "डोळे मिटले की तू दिसतेस, ताई. पण पिंजणातली. डोक्याला फडकं बांधलेली, पापण्या पांढऱ्या. दुसरी येतच नाही. मी ती घालवली."

ताईने त्याचा मोठा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. तिला पुष्कळ सांगायचे होते. निळ्या एप्रनमधल्या बाईची ओळख तिलाही एकाच दिवसाची होती. पिंजणातल्या बाईला मात्र आजवर कोणी घरी नेले नव्हते. त्याने नेले होते. ती वाक्य जुळवू लागली.

"टिल्लू," ती म्हणाली, "ती जी दिसते ना..."

तेवढ्यात खोकला आला, आणि तो थांबेना. परिचारिका धावत आली. तिने नळी काढून तोंडावर मुखवटा बसवला, पट्टा डोक्यामागे घट्ट केला आणि बजावले, "आता बोलायचं नाही, आजी. अजिबात नाही. तुम्हीसुद्धा बोलायला लावू नका हो."

मुखवट्याच्या आतली बाजू धुक्याने पांढरी झाली. त्या धुक्यातून ताई भावाकडे बघत राहिली. तो मान खाली घालून रडत होता, आणि तिला त्याला हाक मारता येत नव्हती.